दालमिलमागची भाटी

जळगावात आम्ही भाड्याने राहत होतो त्या घराच्या परसातून दालमिलची मागची भिंत दिसायची. मिल चालू असली की दिवसभर घरघर ऐकू येई आणि तुरीच्या टरफलांचा बारीक भुगा वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे. डाळीमुळे मिलमध्ये उंदीर होते आणि उंदरांमुळे मांजरं. ती कुणी पाळलेली नव्हती, पण कुणी हाकलतही नव्हतं. पिल्लं झाली की मात्र ती मिलला नकोशी व्हायची. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये घाण करतात, म्हणून मुकादम ती गोळा करून कुठेतरी नेऊन सोडायचा.

हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. माझं माहेर नगरकडचं. नवऱ्याला पाइपच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही इकडे आलो. दोन लहान मुलं, नवं गाव, आणि त्यात तिथला उन्हाळा. दुपारी बाराला दारं लावून घ्यायची ती पाच वाजताच उघडायची. अशाच एका दुपारी कूलरमध्ये पाणी भरायला मी परसात गेले, तर मिलच्या भिंतीच्या सावलीत तोंड बांधलेलं एक पोतं पडलेलं होतं आणि ते हलत होतं.

मी तिथेच उभी राहिले. हात लावायची हिंमत होईना. तेवढ्यात शेजारच्या अक्का बाहेर आल्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. धुळ्याकडच्या एका खेड्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. नवरा वारल्यावर त्या मुलाकडे जळगावला आल्या आणि मुलाची बदली झाल्यावर त्याचं घर सांभाळत एकट्याच राहिल्या. त्यांची बोली तेव्हा मला अर्धीच कळायची.

"देख तं, पोतामा काय शे?" त्या म्हणाल्या आणि मी हलत नाही असं पाहून स्वतःच खाली बसल्या. सुतळीची गाठ त्यांनी दातांनी सोडली. आत मांजराची पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेली, घामाने की कशाने ओली झालेली. अक्कांनी एकेक करून ती लुगड्याच्या ओच्यात घेतली.

"बठ्ठा जित्ता शेतस," त्या म्हणाल्या. सगळी जिवंत आहेत, एवढं मला समजलं.

आमच्या कूलरच्या लोखंडी स्टँडखाली पाणी ठिबकून सदा ओल असायची. तिथे आम्ही गोणपाट अंथरून पिल्लं ठेवली. मी शाईच्या ड्रॉपरने त्यांना बकरीचं दूध पाजू लागले. संध्याकाळी भिंतीवरून एक करडी, पट्ट्यापट्ट्यांची भाटी, म्हणजे मांजरी, उतरली. तिचा एक कान फाटलेला होता. तिने आमच्याकडे पाहिलं, पिल्लं हुंगली आणि त्यांच्या शेजारी आडवी झाली. थोड्या वेळाने मुकादम सायकल घेऊन आला. त्याने रिकामं पोतं उचललं, झटकलं, आमच्या परसाकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता पोत्याची घडी घालून निघून गेला.

असं ते सुरू झालं. काही ठरवून केलेलं नव्हतं. पिल्लं मोठी होऊ लागली तशी ती कुठे द्यायची हा प्रश्न आला आणि आम्ही दोघी घरं शोधू लागलो. माझ्या नवऱ्याच्या कारखान्यातले लोक, भुसार दुकानदार, जिनिंगमधले ओळखीचे, मुलांच्या शाळेतल्या बाई, कुणालाही आम्ही विचारत असू. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "बोका आहे ना?" बोके पटापट जायचे. भाट्या आमच्याकडे राहायच्या, किंवा भाटी आहे हे कळलं की परत यायच्या.

अक्कांचा एक नियम होता. पिल्लू दिलं की काही दिवसांनी ते बघायला जायचं. मला संकोच वाटायचा. लोकांना काय वाटेल, आपण काय तपासायला जातोय? अक्कांना तसलं काही वाटत नसे. त्या सरळ दारात उभ्या राहून पाणी मागत आणि पाणी पिता पिता पिल्लू कुठे आहे ते नजरेने शोधत. एका भुसार दुकानदाराकडे गेलो तर तो ओशाळला. मांजर आणल्यावरही त्याने उंदरांचं औषध ठेवणं बंद केलं नव्हतं. औषध खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला आणि ते मेलं होतं. अक्का पाणी न पिताच पायऱ्या उतरल्या.

पण सगळीकडे असं नव्हतं. एका सराफाच्या घरी आमचं एक पांढरं पिल्लू गादीवर, म्हाताऱ्या शेठजींच्या मांडीला टेकून झोपलेलं पाहिलं. शेठजी आम्हाला हळू बोला म्हणाले, ते उठेल म्हणून. त्या दिवशी अक्का रस्ताभर हसत होत्या.

दोनेक वर्षं गेली असतील. एका सकाळी फैजपूरचे नाना दारात उभे. नाना म्हणजे नवऱ्याच्या सोबत काम करणाऱ्या एकाचे वडील. केळीचे बागायतदार. घरात धान्य असतं, उंदीर फार झालेत म्हणून त्यांनी आमच्याकडून हौसेने मांजर नेलं होतं आणि भाटी असूनही नेलं होतं, त्यामुळे त्यांचं आम्हाला फार कौतुक. नानांच्या एका हातात पिकायला आलेला केळीचा घड आणि दुसऱ्या हातात फडक्याने तोंड बांधलेली टोपली. घड त्यांनी ओट्यावर ठेवला. मग टोपली माझ्या हातात दिली आणि मिशीत हसत म्हणाले, "घ्या ताई, तुमचीच नातवंडं आहेत."

टोपलीत पाच पिल्लं होती.

मी चहा केला, नानांशी हसून बोलले. ते गेल्यावर टोपली पुढ्यात घेऊन बराच वेळ बसून राहिले. करडी त्या वेळी पुन्हा व्यालेली होती आणि कूलरखाली तिची पिल्लं चालायला लागली होती. गल्लीतलं आणि ओळखीतलं एकही घर आता उरलं नव्हतं. आपण जेवढी घरं शोधतो त्याच्या कितीतरी पट पिल्लं होणार, दिलेल्या भाट्यांनाही होणार, हे मला त्या टोपलीपाशी पहिल्यांदा लख्ख कळलं. तोवर मी समजत होते की आपण काहीतरी कमी करतोय. खरं तर आम्ही फक्त ती पिल्लं इकडून तिकडे करत होतो.

मी अक्कांना म्हणाले, "अक्का, माणसांचं ऑपरेशन होतं तसं मांजरांचं होत असेल ना?"

अक्का पिल्लांसाठी भाकरी दुधात कुस्करत होत्या. त्यांचा हात थांबला. "नही वं माय," त्या म्हणाल्या. "मुका जीव शे. त्यानं आईपण आपण का काढी लेवो?" आणि पुन्हा कुस्करू लागल्या. विषय तिथेच संपला. गल्लीतल्या एकदोघींजवळ मी बोलले तर त्यांनी कानावर हात ठेवले. नवरा हसला. "मांजरीचं कुटुंब नियोजन? शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय सांगशील?" पण तो नको म्हणाला नाही.

माझं स्वतःचं ऑपरेशन झालेलं होतं. दुसऱ्या मुलानंतर नगरला एका शिबिरात. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून बायका निजवल्या होत्या. ते मी माझ्या मनाने केलं होतं, नवऱ्याशी बोलून, सासूचा विरोध पत्करून. त्यामुळे अक्का 'आईपण' म्हणाल्या तेव्हा मला राग आला की वाईट वाटलं, हे आजही सांगता येत नाही.

पुढचा उन्हाळा फार वाईट गेला. करडी पुन्हा गाभण होती. हाडं वर आलेली, पोट तेवढं खाली लोंबणारं. ती अडली. एक दिवस आणि एक रात्र ती कूलरखाली पडून कण्हत होती. पिल्लं मेलेलीच बाहेर आली. अक्का तिच्याजवळ ओल्या फरशीवर बसून होत्या. उठा म्हटलं तर उठल्या नाहीत. करडी मेलेलं एकेक पिल्लू चाटत राहिली आणि शेवटी थकून तिने मान टाकली. ती जगेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी तिने डोकं उचलून दूध घेतलं.

त्याच संध्याकाळी अक्का माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ते आपरेशन कठे व्हस?" त्यांनी विचारलं.

मी कणीक मळत होते. तशाच हातांनी वळून बघितलं. अक्का माझ्याकडे न बघता बाहेर, कूलरच्या दिशेने बघत होत्या.

जळगावच्या गुरांच्या दवाखान्यात मी गेले. तिथले डॉक्टर भले गृहस्थ होते. गाई-म्हशी, बैल, शेळ्या यांच्यातच त्यांची नोकरी गेलेली. मांजर म्हटल्यावर त्यांनी खरं ते सांगितलं, "बाई, इतक्या लहान जनावराला भूल द्यायची म्हणजे अंदाज लागतो. तो मला नाही. करीन म्हणालो आणि टेबलावर गेली तर तुम्हालाही वाईट, मलाही." धुळ्याला एक तरुण डॉक्टर आलेत, मुंबईला शिकलेत, कुत्र्या-मांजरांची ऑपरेशनं करतात असं त्यांनी ऐकलं होतं. पत्ता त्यांनीच मिळवून दिला.

धुळ्याजवळ अक्कांच्या भावाचं घर होतं, तेव्हा राहायचा प्रश्न नव्हता. करडी जरा भरून येईपर्यंत आम्ही थांबलो. माझ्या मुलांना नवऱ्याकडे सोपवलं आणि एका सकाळी झाकणाच्या वेताच्या टोपलीत करडीला घालून, वरून सुतळी आवळून, आम्ही दोघी एसटीत बसलो. तिला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं, त्यामुळे ती संतापलेली होती. एरंडोलपर्यंत ती टोपलीतून ओरडत आली. लोक वळून वळून बघत. आम्ही खिडकीबाहेर बघत बसलो.

एरंडोल सोडल्यावर ओरडणं थांबलं. मला वाटलं, झोपली. तेवढ्यात पुढच्या बाकावरची बाई किंचाळून उभी राहिली. टोपलीची वीण एका बाजूने उसवली होती आणि करडी बाकांखालून पुढे पळत सुटली होती. गाडीत एकच गोंधळ. कुणी पाय वर घेतले, कुणी पिशव्या उचलल्या, एक आजोबा काठी घेऊन उभे राहिले. करडी थेट ड्रायव्हरच्या सीटखाली शिरली. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली.

"कोणाचं मांजर आहे?" कंडक्टर ओरडला.

एक माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, "झालं. प्रवासात मांजर आडवं गेलं."

कंडक्टर त्याच्यावरच खेकसला, "आडवं कुठं गेलं? ते तर आपल्याबरोबरच धुळ्याला चाललंय!"

गाडी हसली आणि त्या हसण्यात आम्ही वाचलो. अक्का पुढे गेल्या. गाडीच्या फरशीवर, सगळ्यांच्या देखत, पदर कमरेला खोचून त्या पालथ्या झाल्या आणि सीटखाली तोंड घालून बोलू लागल्या, "ये वं माय, ये. मी शे ना. ये." किती वेळ बोलल्या कोण जाणे. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसून राहिला. शेवटी करडी आली. अक्कांनी तिला पदरात गुंडाळली आणि पुढचा सगळा प्रवास ती टोपलीत न घालता छातीशी धरून केला. धुळ्याला उतरलो तेव्हा अक्कांच्या मनगटावर, गळ्यावर ओरखडे होते. कंडक्टरने टोपली खाली दिली आणि विचारलं, "एवढं काय झालंय हो तिला?" मी ऑपरेशन म्हणाले. तो "अरेरे" म्हणाला. कशाचं ते मी सांगितलं नाही.

डॉक्टरांचा दवाखाना एका घराच्या पुढच्या खोलीत होता. डॉक्टर खरंच पोरसवदा होते. त्यांनी करडीला टेबलावर घेतलं, दात पाहिले, डोळे पाहिले, आणि विचारलं, "मांजर कोणाचं? काही कमीजास्त झालं तर मी कोणाशी बोलायचं?"

मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, "मनी शे." माझी आहे.

मला नवल वाटलं. इतकी वर्षं अक्का सगळ्यांना सांगत, "मी काई मांजर पायत नही. ती येस, मी दूध देस." गल्लीत कुणी तक्रार केली की हेच उत्तर. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी करडीला आपली म्हटलं.

डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. दारात कडुलिंबाचं झाड होतं, त्याच्या पारावर आम्ही बसलो. थोड्या वेळाने डॉक्टर हात पुसत दारात आले.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "आता सैल पडल्यावर पोट नीट चाचपता आलं. ती पुन्हा गाभण आहे. अगदी सुरुवात आहे. पुढे जाऊ का थांबू?"

मागच्या वेळची मेलेली पिल्लं होऊन किती थोडे दिवस झाले होते. आम्ही तिला भरून येऊ द्यावं म्हणून थांबलो होतो, आणि त्या थांबण्यातच ती पुन्हा गाभण राहिली होती. मी अक्कांकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"नही करं तर?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "मागच्या वेळी अडली होती म्हणता. अंगात रक्त नाही. या वेळी ती वाचेलच असं मी सांगू शकत नाही, आजी. आणि केलं तर ती पिल्लं जातील. हे तुम्हाला न सांगता करणं बरं वाटेना."

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. मग अक्कांनी वर पाहिलं.

"तिले वाचाड, भाऊ," त्या म्हणाल्या.

डॉक्टर आत गेले. दार लागलं. अक्का पाराच्या दगडावर बोट फिरवत राहिल्या आणि मग आपणहून बोलू लागल्या. त्यांच्या बोलीत, थांबत थांबत, जणू लिंबाला सांगत होत्या. लग्न झालं तेव्हा त्यांना न्हाण आलेलं नव्हतं. पुढे दर सालाला पोट. एक अंगावर पीत असताना दुसरं पोटात. काही जगली, काही गेली. एक तर कापसाच्या वेचणीत, शेताच्या बांधावरच. सासू म्हणायची देवाची देणगी आहे, नवरा काही म्हणायचाच नाही.

"काही जगनात, काही गयात," अक्का म्हणाल्या. "पन माले कोनी इचारं व्हतं का?"

मी त्यांचा हात धरला. मग मी त्यांना माझ्या ऑपरेशनबद्दल सांगितलं, शाळेतल्या सतरंज्यांबद्दल, सासूने महिनाभर धरलेल्या अबोल्याबद्दल. इतकी वर्षं शेजारी राहून हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "तुले इचारं. बरं व्हयनं."

माझ्या मनात आलं, करडीला तरी आपण कुठे विचारलं? आणि विचारणार कसं? हे मी बोलले नाही, पण त्यांच्याही मनात तेच असावं, कारण नंतर त्या बराच वेळ बंद दाराकडे बघत होत्या. या प्रश्नाचं उत्तर मला पुढेही कधी सापडलं नाही. पुढच्या काळात इतक्या भाट्यांना मी त्या टेबलापर्यंत नेलं, आणि प्रत्येक वेळी दार लागलं की तो प्रश्न पुन्हा समोर येऊन बसायचा. मी न्यायचं थांबवलं नाही. पण मी पुण्य करतेय असंही मला कधी वाटलं नाही. कूलरखाली मान टाकलेली करडी मी पाहिली होती आणि ते पुन्हा पाहायची माझी तयारी नव्हती, इतकं साधं ते होतं.

टाके निघेपर्यंत आम्ही अक्कांच्या भावाकडे राहिलो. भावजय पहिल्या दिवशी तोंड फिरवून होती. मांजराचं बाळंतपण करायला आलात का, म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी पहाटे उठले तर ती चुलीपाशी बसून करडीला बोटाने साय चाटवत होती. मी उठलेय हे कळल्यावर तिने घाईने हात पुसला.

जळगावला परतल्यावर करडी महिन्याभरात ओळखू येईना इतकी भरली. तिच्या केसांना चकाकी आली. रात्रीचं ते बोक्यांचं ओरडणं, भिंतीवरची मारामारी थांबली. मिलमध्ये ती पूर्वीसारखीच जायची, उंदीर धरून भिंतीवर मिरवत आणायची.

हे मुकादमाच्या लक्षात आलं. एक दिवस तो परसाच्या फाटकाशी येऊन टोपी काढून उभा राहिला. त्याच्याशी आम्ही इतक्या वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो.

"ताई, त्या करडीले काय केलं तुम्ही?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आमच्या आणखी दोघी आहेत. त्याही नेशाल का?"

अक्का मागून फटकन म्हणाल्या, "का? पोतं जड लागस आते?"

त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "अक्का, मी एकदाही पाण्यात नाही टाकली. बाजारात मच्छीवाल्यांजवळ सोडायचो. तिथं काही तरी खायला मिळंल म्हणून. त्या दिवशी भिंतीच्या सावलीत ठेवलं, ते पण ऊन लागू नये म्हणून." मालक सांगायचे आणि त्याला करावं लागायचं. घरी त्याच्या बायकोने पिल्लांचं ऐकल्यापासून, ज्या दिवशी तो ती सोडून येई त्या दिवशी त्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही असा नेम केला होता, हेही त्याने सांगितलं.

अक्का आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप त्याच्या हातात देताना म्हणाल्या, "बस."

पुढच्या खेपेला तो आमच्याबरोबर धुळ्याला आला. या वेळी वेताच्या टोपल्या नव्हत्या. त्याने मिलच्या सुताराकडून फळ्यांचे दोन पिंजरे करून घेतले होते, हवेला फटी ठेवून. डॉक्टर त्याला म्हणाले, बोक्यांचंही करून घेतलं तर आणखी बरं, आणि ते काम सोपं असतं. मुकादम दोन पावलं मागे सरकला. "बोक्याचं राहू द्या साहेब," तो म्हणाला. डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. पण वर्षभरात मुकादमाने बोकेही आणले.

जळगावच्या गुरांच्या डॉक्टरांना मी सगळं कळवत होते. एका रविवारी ते आपणहून आमच्यासोबत एसटीत बसले. आपल्याहून कितीतरी लहान डॉक्टरच्या शेजारी उभं राहून त्यांनी भुलीचं प्रमाण, टाके, सगळं पाहून घेतलं. पुढे धुळ्याच्या चकरा थांबल्या. रविवारी सकाळी ते जळगावातच ऑपरेशनं करू लागले, आधी आमच्या गल्लीतली, मग हळूहळू दुसऱ्या भागांतली. ज्या बायकांनी कानावर हात ठेवले होते त्यांच्यापैकी एक पदराखाली मांजर घेऊन आली, तेव्हा अक्कांनी तिला टोमणा मारायची संधी सोडली नाही, पण मांजर मात्र स्वतः उचलून घेतलं. पिल्लं द्यायची वेळ आली की आता आम्ही आधीच सांगत असू, भाटी असली तर मोठी झाल्यावर आमच्याकडे आणा. नाना त्यांची घेऊन आले. त्या वेळी तिच्यासोबत पिल्लं नव्हती, फक्त केळी होती.

मग एक उन्हाळा असा आला की मिलमागे एकही पिल्लू झालं नाही. कूलर सुरू झाला, स्टँडखाली ओल आली आणि तिथे कुणीच नव्हतं. मला मोकळं वाटलं. आठवडाभर दुपारी झोपलेसुद्धा. पण अक्का उगाच फाटकापर्यंत जाऊन यायच्या. "औंदा एक बी पिलू नही," त्या एकदा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात समाधान नव्हतं. इतकी धडपड याचसाठी केली ना, असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "हां. याना करताच. तरी बी..." मला ते समजलं. मलाही शाईचा ड्रॉपर फेकून द्यायला हात होत नव्हता.

करडी पुढे बरीच वर्षं जगली. तिने मिलमध्ये जाणं सोडलं, नंतर भिंतीवर चढणं सोडलं आणि शेवटी अक्कांच्या ओट्यावर मुक्काम केला. तिच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले, खालचा एक सुळा पडला, पाठीचा कणा बोटांना लागू लागला. ओट्यावर चढताना ती दोनदा अंदाज घ्यायची आणि तरी पाय घसरायचा. अक्कांनी तिच्यासाठी एक लाकडी खोकं उलटं ठेवून पायरी केली. पुढे अक्कांनाही गुडघ्यांमुळे ओटा चढवेना, तेव्हा मुकादमाने विटांची एक खरी पायरी बांधून दिली आणि त्या दोघी ती वापरू लागल्या.

एका हिवाळ्यातल्या सकाळी मी उन्हात त्यांच्याजवळ बसले होते. करडी अक्कांच्या मांडीवर होती. अक्का तिच्या पांढऱ्या मिशांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "मी कधी म्हतारी मांजर देखी नव्हती वं."

मी आठवून पाहिलं. मीही पाहिली नव्हती. लहानपणापासून किती मांजरं डोळ्यांपुढून गेली होती, भिंतींवरची, चुलीपाशी झोपलेली, गाड्यांखालून पळणारी. सगळी तरणीताठी, आणि मग एक दिवस नाहीशी. मांजर म्हातारं झालं म्हणजे कसं दिसतं, ते आम्हा दोघींना करडीने पहिल्यांदा दाखवलं. तिने डोळे अर्धवट मिटले होते आणि ऊन अंगावर सरकेल तशी ती अक्कांच्या मांडीवर थोडीथोडी सरकत होती.